मामांची तिसरी खिडकी

माझ्या सासऱ्यांना गाडी येत नाही. सायकल येते, पण उतरताना कुणाला तरी हँडल धरावं लागतं. अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय घ्यावं? कुणी म्हणेल झोपाळा घ्यावा, कुणी म्हणेल मोठा टीव्ही घ्यावा. आमच्या मामांनी पंधरा सिटांची मॅटाडोर घेतली, आणि तीही भंगारात निघालेली.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई, तेव्हा मीही तेच म्हणते. मामांचं नाव सखाराम. वाळूजच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं मशीनवर होते. उस्मानपुऱ्यातून रोज सकाळी कंपनीची मॅटाडोर त्यांना न्यायची आणि दुपारी आणून सोडायची. रिटायर झाले त्या दिवशी कंपनीनं शाल दिली, हार घातला आणि गाडीनं घरी सोडलं. रोज सोडायची तसंच. फरक इतकाच की त्या दिवशी गाडी परत गेली नाही. ड्रायव्हर हबीबचाचा खाली उतरले, चावी मामांच्या हातात दिली, रुमालानं डोळे पुसले आणि रिक्षा करून निघून गेले. ठेकेदार नव्या गाड्या आणणार होता आणि ही मोडीत काढणार होता, म्हणून मामांनी फंडातून ती सोडवून आणली होती. घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. आत्याबाई तांब्याभर पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. गाडी कधी जाणार म्हणून त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, ही आपलीच. आत्याबाई तांब्या घेऊन तशाच आत गेल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

आता चालवायची कुणी? माझे मालक संघपाल चाकणला नोकरीला, दोन-दोन आठवडे घरी येत नाहीत. धाकटा दीर अभय पतसंस्थेत कारकून. तो स्कूटीवर निघाला की रस्ता ओलांडणारी कुत्रीसुद्धा त्याला आधी जाऊ देतात, इतका तो घाबरलेला दिसतो. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं माहेर फुलंब्रीकडचं, लग्नाआधी मी ट्रॅक्टर चालवलेला. सोयरीक जमवताना माझ्या बापानं ही गोष्ट लपवून ठेवली होती, आणि आता तीच कामाला आली.

हबीबचाचांनी कर्णपुऱ्याच्या मैदानात पंधरा दिवस शिकवलं. "बेटी, इसको दबाने का नक्को, समझाने का," असं प्रत्येक गिअरला म्हणायचे. समजावून समजावून माझा खांदा निखळायची वेळ आली, पण गाडी आली. तेव्हापासून मी चालवते आणि मामा बसतात.

बसतात म्हणजे कुठंही नाही. डावीकडची तिसरी खिडकी. सव्वीस वर्षं तिथंच बसले आणि गाडी स्वतःची झाल्यावरही तिथंच. बाकीच्या सगळ्या काचा गंजून जागच्या जागी बसल्यात, ती एकच सरकते. आणि गाडीत बसले की मामा बदलतात. एरवी दूधवाल्याला पण अर्धा तास सोडत नाहीत इतकं बोलतात. पण गाडी सुरू झाली की तोंड बंद. गालात लवंग, मान ताठ, नजर समोर, एक हात काचेवर. निघायच्या आधी घासभर खात नाहीत, घोटभर चहा घेत नाहीत. प्रवासात शिस्त पाहिजे म्हणतात. कंपनीतली माणसं त्यांना मुनी म्हणायची. आम्हाला वाटायचं, मालक झाल्याचा रुबाब आहे.

त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालत नाही. पाव्हणा असो नाहीतर लेकरू, मामा शेजारी उभे राहून खाकरत राहतात, माणूस उठेपर्यंत. मला स्वतःला त्या खिडकीचा लई राग होता, आणि त्याला कारण होतं. मला एक पोरगी आहे. तिच्या वेळी मला आठवा महिना होता. माहेरी जायचं होतं आणि मी चालवू नये म्हणून हबीबचाचांना बोलावलं होतं. मी मागं जाऊन उभी राहिले. ऊन मरणाचं, पोट एवढं पुढं आलेलं. मला वाटलं आता तरी हा माणूस म्हणेल, बस पोरी खिडकीपाशी. मामांनी माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, मधली सीट मऊ आहे. फुलंब्रीपर्यंत मी घामानं भिजत त्या मऊ सिटेवर बसले. चार वर्षं झाली, मी एक अक्षर बोलले नाही, पण विसरलेही नाही.

गाडीचे बाकीचे ताप वेगळेच. पुढच्या काचेवर "स्टाफ" असं लिहिलेलं होतं, ते घासूनही जाईना. सकाळी लवकर कुठं निघालं की स्टॉपवर उभी असलेली फर्स्ट शिफ्टची माणसं डबा घेऊन आत चढायची आणि बसल्या बसल्या झोपायची. एकदा मी एका माणसाला थेट जालन्याला नेलं होतं. तो जागा झाला तेव्हा आम्ही एका बारशाला पोचलो होतो. बिचाऱ्यानं जेवून घेतलं आणि एसटीनं परत गेला. शिवाय गल्लीतल्या लोकांना वाटायचं, गाडी रिकामीच तर उभी आहे. कुणाचा फ्रिज, कुणाचं कपाट, कुणाची पाण्याची टाकी. एप्रिलमध्ये जयंतीचे स्पीकर, ऑक्टोबरमध्ये सतरा माणसं घेऊन नागपूर. एकानं तर म्हैस विचारली. मी नाही म्हणायच्या आत मामा म्हणाले, वासरू असेल तर बघू.

तर असं सगळं चाललं होतं, आणि अभयचं लग्न काही जमत नव्हतं. चौतीस वर्षांचा झाला. सहा ठिकाणं पाहून झाली. सहाव्या ठिकाणी पोरीच्या काकानं विचारलं, मुलाकडं चारचाकी आहे का. मामा छाती काढून म्हणाले, आहे, खाली उभी आहे. सगळं घर गॅलरीत आलं आणि खाली बघून हसलं. पोरीची आई म्हणाली, हिच्यातच तर आमच्या शेजारणीची टाकी आली होती. तिथं चहासुद्धा झाला नाही.

त्या दिवशी आत्याबाईंनी घरी येऊन जाहीर केलं. पुढची सोयरीक या डबड्यापायी मोडली, तर सोमवारी भंगारवाला. नुसतं बोलून थांबल्या नाहीत, भंगारवाल्याला बोलावून गाडी दाखवून पण ठेवली. त्यानं चारी बाजूंनी फिरून टायरला लाथ मारली. मामा दारात उभे राहून बघत होते. ते त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन गाडीत, आपल्या सिटेवर, इंजन बंद असताना तासभर बसून आले.

मग वेरूळचं ठिकाण आलं. मुलगी मेघा, गावातल्याच शाळेत शिकवते. वडील आप्पासाहेब, ग्रामपंचायतीत कारकुनी केलेले. मुलीच्या आईचा फोन आला तेव्हा आत्याबाईंनी स्पीकर लावला, सगळे भोवती बसलो. बोलणं छान चाललं होतं. शेवटी ती बाई जरा थांबली आणि म्हणाली, "एक गोष्ट आधीच कानावर घालते, मागून शब्द नको. आमच्या मेघाला गाडी लागते."

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं. गाडीवरून नुकतंच नाक कापलेलं, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मला तर असा संताप आला. गाडी लागते म्हणे! शाळेत चालत जाणारी पोरगी, आणि नांदायला जाताना गाडी लागते? अभयनं कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघून, गेलं हेही, अशी मान हलवली. एकटे मामा खुलले. फोनकडं वाकून म्हणाले, "लागू द्या की ताई. त्याची काळजीच सोडा, आम्ही बसलोय ना."

तिकडं बाईला हुंदकाच फुटला. इतकी समजूतदार माणसं आजवर भेटली नाहीत, म्हणाली. आम्हाला वाटलं, गाडी मिळणार म्हणून रडते. रविवारी या, असं ठरलं.

शनिवारी मामांनी गाडीला जी आंघोळ घातली, ती स्वतःच्या लग्नात पण घेतली नसेल. सिटांना नवीन रेक्झिन चढवलं, त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. त्यावर उपाय म्हणून मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणली, ती पुरेना म्हणून चार आणल्या आणि चारी कोपऱ्यांत लटकवल्या. डिझेल, रेक्झिन आणि मोगरा मिळून आत जे काय तयार झालं, त्यात माशी टिकत नव्हती. मी नाकाला पदर लावून चालवत होते.

रविवारी निघालो. पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबादच्या घाटात तो जुना दरवाजा. तिथून गाडी काढताना दोन्हीकडून वीतभर जागा राहते, तेवढ्यापुरते सगळे श्वास धरतात. मामा गालात लवंग धरून गप्प. मांडीवर पेढ्यांचा डबा. आत्याबाई मधेच म्हणाल्या, एवढ्या चांगल्या कामाला निघालोय, जरा तोंड तरी हसरं ठेवा. मामांनी लवंग या गालातून त्या गालात घेतली.

वेरूळला घर रस्त्याकडंच होतं. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मेघा पोहे घेऊन आली आणि अभयच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं दुसरा आणून दिला, तोही पडला. ती हसली. मला ती आवडली आणि त्याचाच जास्त राग आला, की एवढी चांगली पोरगी आणि तोंड उघडून गाडी मागते. पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मामांना दम निघेना. ते उभे राहिले आणि म्हणाले, चला, सगळे बसा गाडीत, खुलताबादपर्यंत एक चक्कर मारून येऊ.

आप्पासाहेबांनी विचारलं, आत्ताच का. मामा म्हणाले, आत्ताच, जे काय आहे ते समोरासमोर होऊ द्या. मेघानं बापाकडं बघितलं. तिचा चेहरा पडला होता, आणि मला वाटलं, नवी कार समजून बसली होती, मॅटाडोर बघून पडला. आई स्वयंपाकाला म्हणून मागं राहिली. आप्पासाहेब अंगणातल्या झाडापाशी गेले, दोन लिंबं तोडली, एक खिशात टाकलं आणि एक पोरीच्या हातात दिलं.

मामांनी ते बघितलं आणि जागेवर थांबले. मामा पक्के प्रतिज्ञा पाळणारे. घरात दारावर लिंबू-मिरची नाही, नवीन वस्तूपुढं नारळ नाही, कुणी दृष्ट काढायचं नाव काढलं तर तासभर भाषण. नवीन गाडी म्हणली की लोक चाकाखाली लिंबू ठेवतात, ते त्यांना मुळीच खपत नाही. ते आप्पासाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपल्यात गाडीला लिंबू शोभतं का. आप्पासाहेब गोंधळून म्हणाले, गाडीला नाही हो, पोरीला. हे तर मामांना अजूनच भयंकर वाटलं. शिकलीसवरली पोरगी, शाळेत शिकवते, आणि तिच्यावरून लिंबू उतरवणार? त्यांनी मेघाच्या हातातलं लिंबू अलगद काढून घेतलं आणि रस्त्यापलीकडं भिरकावून दिलं.

आप्पासाहेब पुढं मला सांगत होते, की त्यांना त्या वेळी एवढंच वाटलं, सोयरे कडक आहेत. परीक्षा घ्यायला आलेत आणि कॉपी पण करू देत नाहीत.

गाडी निघाली. अभय पुढं माझ्या शेजारी, मामा आपल्या खिडकीपाशी, त्यांच्या मागं मेघा आणि आत्याबाई, शेवटी आप्पासाहेब. वेरूळपासून खुलताबादपर्यंत सगळा चढाचा घाट, वळणावर वळण. आता मी खोटं कशाला बोलू? गाडी पाहिजे ना बाई तुला, मग बघ गाडी, असं मनात म्हणून मी पहिलं वळण जरा जोरातच घेतलं. दुसरं पण. आरशात पोरीचा चेहरा दिसला. आधी गोरा, मग पिवळा, मग त्याला रंगच राहिला नाही. तिनं काच सरकवायला बघितलं, ती कुठली सरकतेय. मागून आप्पासाहेब कळवळून म्हणाले, "बघा दादा, आधीच सांगितलं होतं, लागते तिला."

"लागू द्या की," मामा म्हणाले. आनंदाच्या भरात त्यांनी सव्वीस वर्षांची शिस्त मोडली. तोंड उघडलं, मान वळवली, रस्त्याकडं पाठ करून पूर्ण मागं फिरले आणि पेढ्यांचा डबा उघडून मेघापुढं धरला. घे पोरी, म्हणाले, आता ही गाडी तुझीच समज. तेवढ्यात तिसरं वळण आलं.

मेघानं पेढा घेतला नाही. उलट जे काय होतं ते डब्यात दिलं.

मी गाडी कडेला घेतली. मामा डबा तसाच दोन्ही हातांत धरून बसलेले, ठेवावा कुठं ते कळेना. मेघाचे डोळे भरून आले होते. आप्पासाहेब मागून उठून आले आणि म्हणाले, "दादा, पास का नापास, एकदा सांगून टाका."

"कशात?" मामांनी विचारलं.

आप्पासाहेब म्हणाले, आम्ही काही लपवून ठेवलं नव्हतं. पोरीला गाडी लागते, लहानपणापासून लागते, बसमध्ये बसली की उलट्या होतात, म्हणून गावातच नोकरी धरली. दोन ठिकाणं त्यापायी मोडली. तुम्ही फोनवर लागू द्या म्हणालात, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले. आणि आता तुम्हीच तपासायला निघालात, हुंगायला लिंबू पण ठेवलं नाही.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. अहो, एसटीत लेकरू खिडकीपाशी बसवताना दुसरं काय म्हणतो आपण? गाडी लागते म्हणूनच तर म्हणतो. मला इतकी लाज वाटली, की ती तीन वळणं माघारी फिरवता आली असती तर मी गाडी रिव्हर्समध्ये वेरूळला नेली असती. आत्याबाईंना हसू की रडू झालं होतं. त्या मामांकडं वळल्या, चार शब्द सुनवायला, आणि थांबल्या. कारण मामांचा चेहरा मेघाच्या चेहऱ्यासारखाच झाला होता. त्यांनी डबा आत्याबाईंच्या हातात कोंबला, झटकन वळून तिसऱ्या खिडकीची काच सरकवली आणि अर्धे बाहेर गेले.

बऱ्याच वेळानं आत आले. मिशा पुसल्या. सगळ्यांकडं बघून मग मान खाली घालून म्हणाले, "मला बी लागते."

"कधीपासून?" आत्याबाईंनी विचारलं.

"कंपनीच्या पहिल्या दिवसापासून."

लवंग, शिस्त, उपाशी पोट, ताठ मान, मुनी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आत्याबाई तर बघतच राहिल्या. चाळीस वर्षं संसार केला, म्हणाल्या, मला वाटायचं कुठं न्यायचं म्हणलं की यांना राग येतो. मग जरा वेळानं विचारलं, असं होतं तर ही गाडी घेतलीच कशाला. मामा म्हणाले, "रिटायर झाल्यावर तुम्हा सगळ्यांना कुठं कुठं न्यायचं होतं. दुसऱ्या गाडीत मला बसताच आलं नसतं. हिच्यात ही एक जागा हाय, इथं बसलं की निभतं."

पदराच्या टोकानं आत्याबाईंनी मामांच्या कोटावरचं काहीतरी पुसलं, जे मला तरी दिसलं नाही.

आप्पासाहेबांनी खिशातलं दुसरं लिंबू काढलं, कडेच्या दगडावर घासून दोन तुकडे केले. अर्धं पोरीला, अर्धं मामांना. मग घाटातल्या कठड्यावर दोघं शेजारी शेजारी बसली, सासरा आणि होणारी सून, नाकाशी लिंबू धरून, समोर एकटक बघत. लेणी बघायला आलेल्या गाड्या हळू होऊन बघून जात होत्या. अभय पाण्याची बाटली घेऊन उभा होता, आधी कुणाला द्यावी ते त्याला कळेना. त्यानं धीर करून मेघाला दिली. मेघानं ती आधी मामांना दिली. तिथंच सोयरीक झाली असं मी धरते, बाकीचं नंतर पाटावर बसून झालं.

खाली उतरताना मामांनी मेघाला तिसऱ्या खिडकीपाशी बसवलं. स्वतः मधल्या सिटेवर बसले, डबा मांडीवर. मी आरशात बघितलं आणि काय सांगू, आत कुठंतरी लागलं. त्यांची अडचण आता कळली होती. पण मला आठव्या महिन्यात मिळाली नाही ती जागा हिला पहिल्याच दिवशी मिळाली, हे काही जाईना. मी मुकाट्यानं गाडी खाली आणली, पहिल्या गिअरात, पेढ्यांसारखी जपून.

सोमवारी भंगारवाला आला. आत्याबाईंनी त्याला चहा पाजला आणि जुना कूलर देऊन वाटेला लावलं.

साखरपुड्याला हबीबचाचा आले होते. हा सगळा किस्सा सांगून आम्ही हसत होतो, पण ते हसले नाहीत. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आरशात सगळं दिसतं, म्हणाले. म्हणूनच ते नगर नाक्याचं वळण हळू घ्यायचे, आणि दर शुक्रवारी एकाच काचेच्या पट्टीत तेल सोडायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी मामांना त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं आणि मामांनी सांगितलं नव्हतं. मामा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग हबीबचाचा मेघाकडं बघून म्हणाले, "बिटिया, एक बात याद रख. चलाने वाले को गाडी नईं लगती."

लग्नानंतर मेघानं ते वाक्य धरून ठेवलं. मलाच म्हणाली, ताई, मला शिकवा. मी कर्णपुऱ्याच्या मैदानात दीड महिना शिकवलं. दबाने का नक्को, समझाने का, हे मी इतक्यांदा म्हणाले की पोरगी घरी कुकरला पण समजावायला लागली. आणि चाचा म्हणाले तसंच झालं. हातात स्टिअरिंग आलं आणि तिचं लागणं गेलं.

लायसन्स आल्यावर पहिल्यांदा वेरूळला निघालो, तिच्या माहेरी. मेघा चालवायला, अभय शेजारी, हँडब्रेकला दोन्ही हातांनी धरून बसलेला. मामांची खिडकी मामांना परत मिळाली होती. आणि मी, एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा, मागं चढले. कुठं बसावं ते मला सुचेना. सवयीनं मधल्या मऊ सिटेकडं वळले.

मामा उठले. दांडीला धरून बाजूला झाले आणि तिसऱ्या खिडकीकडं हात केला. "बस," म्हणाले. "लई दिवसांचं राहून गेलंय."

म्हणजे त्यांनाही आठवत होतं. चार वर्षं मी एकटी मनात धरून बसले होते असं मला वाटत होतं, आणि हा माणूसही धरून बसला होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी बसले. काच सरकवली, वारा आला, छान वाटलं. मामा माझ्या जागी मधे बसले, लवंग काढली, मान ताठ केली.

मिटमिट्यापर्यंत त्यांनी दम काढला. शरणापूर फाट्याला मी वळून बघितलं तर कपाळावर घाम, डोळे मिटलेले आणि हात पिशवीतल्या रिकाम्या डब्याकडं चाललेला. पण उठवायला तयार नाहीत, खाकरले सुद्धा नाहीत. मी मेघाला गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"उठा मामा," मी म्हणाले, "या इथं. तुम्हाला गाडी लागते."

ते नको नको म्हणत होते. मी त्यांना दंडाला धरून खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः मऊ सिटेवर बसले. पुढं मेघा दौलताबादच्या दरवाजातून गाडी काढायला निघाली होती, तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास धरला.